पहिली बासरी घेताना: तीन बासऱ्या चुकल्यावर सुचलेलं

चाळिशी ओलांडल्यावर मी बासरी शिकायला लागलो. घरात एकामागून एक चार बासऱ्या आल्या आणि कामाची निघाली ती चौथी. पहिली आळंदीच्या यात्रेत घेतली, ती निघाली शिट्टी. दुसरी दुकानातून ‘जी’ पट्टीची म्हणून आणली, ती ‘जी’ नव्हती (पट्टी म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते; ‘जी’ हे त्या सुराचं इंग्रजी नाव). तिसरी हट्टाने मागवली, कारण हरिप्रसाद चौरसिया ज्या पट्टीत वाजवतात तीच मला हवी होती. तिच्या खालच्या भोकांपर्यंत माझी बोटंच पोचेनात. चौथीच्या वेळी मात्र अक्कल आली आणि क्लासच्या सरांना बरोबर नेलं.

तीन बासऱ्यांचे पैसे आणि जवळजवळ आठ महिने असे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. हिंदुस्थानी पद्धतीची सहा भोकांची आडवी बासरी शिकू पाहणाऱ्यांसाठी हे आहे, मग शिकणारे तुम्ही असा किंवा तुमचं मूल.

१. बासरी म्हणजे नक्की कोणती, हे आधी ठरवा

यात्रेत बांबूच्या काठीला मोरपिसाऱ्यासारख्या खोचलेल्या बासऱ्या घेऊन माणूस फिरत असतो. तो स्वतः सुरेख वाजवतो आणि आपण भुलतो. त्याच्याकडच्या बऱ्याचशा बासऱ्या उभ्या धरून तोंडात घालायच्या असतात. त्यांना टोकाशी शिट्टीसारखी खाच असते, त्यामुळे फुंकलं की लगेच आवाज येतो. पोराला खेळायला छान आहे. पण आडव्या बासरीत ओठांनी जी फुंक घडवायची असते ती तिच्यावर शिकता येत नाही, म्हणून क्लासमध्ये तिचा उपयोग शून्य.

दुसरी गल्लत कर्नाटकी वेणूची. ती आडवीच असते, पण सुरांची भोकं आठ आणि बोटं ठेवायची पद्धत वेगळी. ऑनलाइन फोटोत हा फरक पटकन ध्यानात येत नाही, तेव्हा भोकं मोजा. हिंदुस्थानी बासरीला फुंकायचं एक भोक सोडून सहा भोकं असतात. काहींना शेवटाकडे सातवंही असतं. बासरीला ख्यालाच्या मैफिलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्या पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ते रूढ केलं. पहिल्या बासरीत ते असलं काय, नसलं काय, तुम्हाला बराच काळ फरक पडणार नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

परदेशातल्या शाळेच्या बँडमध्ये मुलं वाजवतात ती चाव्यांची, धातूची बासरी हे तर वेगळंच वाद्य. एकाच्या तयारीवर दुसरं आपोआप येत नाही.

२. आधी सर, मग बासरी

मी उलटं केलं. शिक्षक ठरण्याआधी बासरी घेतली आणि मग त्या बासरीला चालतील असे शिक्षक शोधत बसलो. तुम्ही आधी क्लास ठरवा आणि पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा: क्लासमध्ये तानपुरा कोणत्या पट्टीत लागतो? आणि नवीन विद्यार्थ्याला तुम्ही कोणत्या पट्टीची बासरी घ्यायला सांगता? कुणी ‘जी’ सांगतील, कुणी लहान मुलांना ‘सी’, तर कुणी पहिल्या दिवसापासून लांबलचक ‘ई’च हातात देतील. यात बरोबर-चूक काही नाही. सगळ्यांबरोबर बसून वाजवायचं असेल तर पट्टी एकच लागते, एवढंच.

बरेच शिक्षक कारागिराकडून चार-पाच बासऱ्या मागवून ठेवतात आणि विद्यार्थ्यांना देतात. आपल्याला उगाच वाटतं की यात सरांची कमाई असेल. असली तरी हरकत नाही. ती बासरी त्यांनी स्वतः फुंकून निवडलेली असते, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही.

३. पट्टीचा घोळ

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे पट्टी हार्मोनियमवरून सांगतात, पांढरी एक, काळी चार वगैरे. बासरीवर मात्र इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं. दोन्हींचा मेळ असा: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए आणि पांढरी सात बी. काळ्या पाच पट्ट्या म्हणजे त्यांच्या अधलेमधले शार्प. काळी एक सी शार्प, तर काळी चार जी शार्प.

आता बासरीकडे या. तिचा ‘सा’ वरची, म्हणजे फुंकायच्या भोकाकडची, तीन भोकं बंद ठेवली की निघतो. सहाही भोकं बंद करून हलकं फुंकलं तर येतो मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. हिंदुस्थानी बासरीचं नाव तिच्या ‘सा’वरून ठरतं. ‘जी’ची बासरी म्हणजे तीन भोकं बंद असताना पांढरी पाच वाजणारी. पण काही विक्रेते, विशेषतः परदेशी गिऱ्हाइकांना विकणारे, सहाही भोकं बंद असताना येणाऱ्या सुराचं नाव देतात.

माझ्या दुसऱ्या बासरीचं हेच झालं. सहा भोकं बंद केली की पांढरी पाच वाजायची, म्हणून तिच्यावर ‘जी’ लिहिलेलं. पण तो तिचा पंचम. तिचा खरा सा पांढरी एक, म्हणजे आपल्या हिशोबाने ती ‘सी’. क्लासमध्ये तानपुरा पांढरी पाचवर लागलेला. सर म्हणाले, ‘सा लावा.’ मी लावला, आणि माझा सा सगळ्यांच्या कानाला म! शेजारचं दहा वर्षांचं पोरगं फिसकन हसलं.

खिशात मोजपट्टी असती तरी मी वाचलो असतो. पट्टी खाली जाते तशी बासरी लांब होते. अंदाजे लांब्या लक्षात ठेवा:

पांढरी एक, सी (मधल्या आकाराची): १८ ते १९ इंच
पांढरी सहा, ए: २१ ते २२ इंच
पांढरी पाच, जी: २४ ते २५ इंच
पांढरी तीन, ई: २९ ते ३० इंच

कारागिरागणिक इंच-अर्धा इंच मागेपुढे होतं. पण ‘जी’ म्हणून कुणी १९ इंचांची बासरी पुढे केली, तर विचारा: हे नाव तीन भोकांवरचं की सहा भोकांवरचं?

आणखी एक. घरातल्या गाणाऱ्या मावशी म्हणतील, ‘मी काळी पाचमध्ये गाते, तू तीच घे.’ गळ्याची पट्टी बासरीला लावू नका. हार्मोनियमवर पट्टी बदलायला बोटं सरकवली की झालं. बासरीत पट्टी बदलायची तर सहसा बासरीच बदलतात. म्हणून तर मैफिलीत वादकाशेजारी बासऱ्यांची अख्खी पिशवी असते.

४. बोटं पोचतात का

‘ई’ची बासरी ऐकायला गंभीर, भरदार. पण तिची भोकं मोठी आणि एकमेकांपासून दूर. ती बोटांच्या टोकांनी झाकतच नाहीत. बोटं सरळ पसरून पेरांच्या मऊ गादीने झाकावी लागतात. (बांबूलाही पेर, बोटालाही पेर. बासरीत दोघांची गाठ पडते.) सवय नसलेल्या हाताला पहिल्याच आठवड्यात कळ लागते. एखादं भोक जरासं उघडं राहतं, सूर फाटतो, आणि आपण समजतो फुंक चुकली.

घ्यायच्या आधी घरीच पाहता येतं. विक्रेत्याला मोजपट्टी शेजारी ठेवून बासरीचा फोटो पाठवायला सांगा. वर्तमानपत्राची तेवढ्याच जाडीची घट्ट सुरळी करा, त्या अंतरांवर पेनाने गोल काढा आणि आडवी धरून दोन मिनिटं बोटं ठेवून बघा. खांदा वर जातोय का? खालच्या हाताची अनामिका ताणली जातेय का? जात असेल तर एक पट्टी वरची, म्हणजे आखूड बासरी घ्या.

खरी बासरी हातात आली की भोकं जरा दाबून धरा आणि बोटं उचलून पाहा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल वण उमटला असेल तर भोक नीट झाकलंय. अर्धचंद्र उमटला असेल तर तिथून हवा निसटतेय.

माझं मत विचाराल तर सर्वसाधारण हाताच्या मोठ्या माणसाने ‘जी’ किंवा ‘ए’ने सुरुवात करावी. सात-आठ वर्षांच्या मुलाला मधल्या आकाराची ‘सी’ पुरे. माझी ती फसवी ‘जी’ आता भाचीकडे आहे आणि तिच्या हातात अगदी चपखल बसलीय. सहा भोकं एका रेषेत असलेली साधी बासरी डावरं मूलही उलट बाजूला धरून वाजवू शकतं, वेगळी मागवायला लागत नाही.

५. बांबू की पीव्हीसी

चांगल्या बासरीचा बांबू बहुतेक आसामातून, सिलचरच्या बाजूने येतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांचं जुनं गाव, तिथले कारागीरसुद्धा बांबू तिकडूनच आणतात. कारण साधं आहे: भिंत पातळ हवी, पोकळी सरळ हवी आणि पेर एवढं लांब हवं की मध्ये गाठ येऊ नये. आमच्या कोकणातले एक काका म्हणाले होते, ‘परसात माणगा आहे, त्याची करून देतो.’ प्रेमाने म्हणाले, पण माणगा जवळजवळ भरीव असतो. त्याची काठी उत्तम होते.

पीव्हीसीच्या बासरीला नाक मुरडू नका. नीट सुरात केलेली असेल तर ती तडकत नाही, किडत नाही, पोराने आपटली तरी टिकते आणि स्वस्तही पडते. बांबूचा गोडवा तिच्यात नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत आपल्या फुंकीतही गोडवा नसतोच. बेसूर बांबूपेक्षा सुरातली पीव्हीसी कधीही बरी. कडाक्याच्या थंडीच्या देशात राहत असाल, जिथे घरातल्या हीटरने हवा सुकून जाते, तर माझा कौल पीव्हीसीलाच.

पैशांचं म्हणाल तर यात्रेतली शे-दीडशेला मिळते. सुरात लावलेली, शिकण्याजोगी बांबूची ‘जी’ मी पाहिली ती साधारण हजार ते अडीच हजारांत. याहून महाग घेण्याचं नवशिक्याला कारण नाही. ‘प्रोफेशनल’, ‘कॉन्सर्ट क्वालिटी’ या शिक्क्यांना काही माप नसतं, ज्याला वाटेल तो लावतो. बारा बासऱ्यांचा संच तर अजिबात घेऊ नका. आणि वाद्यांसाठी मिरजेला जा, असं कुणी सांगेल. मिरजेचं नाव आहे ते सतार-तंबोऱ्यांसाठी.

६. दुकानात जाताना बरोबर काय न्यायचं

- फोनमध्ये ट्यूनर. त्यात ‘ए’ची कंपनसंख्या ४४० वर आहे ना, ते बघून घ्या. कधी कधी कुणीतरी ४३२ करून ठेवलेली असते आणि मग सगळ्याच बासऱ्या चढ्या दिसतात.
- फोनमध्येच तानपुरा, सरांनी सांगितलेल्या पट्टीत.
- शिंप्याची टेप.
- स्वच्छ रुमाल. दुकानातल्या बासरीला किती जणांचे ओठ लागलेत, सांगता येत नाही.
- वाजवणारा माणूस. सर नसतील तर क्लासमधला दोन-तीन वर्षं जुना विद्यार्थी चालेल. यादीत शेवटी असलं तरी सगळ्यात महत्त्वाचं हेच.

७. आधी डोळ्यांनी

उजेडात बासरी फिरवून पाहा. केसाएवढी उभी भेग दोऱ्याच्या वेढ्याखाली सहज लपते, म्हणून वेढ्याच्या दोन्ही कडांशी नीट बघा. दोरा असणं वाईट नाही, तडकू नये म्हणूनच तो बांधतात. पण मधोमध एखादाच नवा, चकचकीत वेढा असेल तर का, ते विचारा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून पिवळसर भुकटी दिसली तर बांबूला कीड आहे. ती बासरी फुकट दिली तरी नको. घरातल्या इतर वस्तूंनाही ती लागायची.

फुंकायच्या भोकाची कड स्वच्छ आणि धारदार हवी. जळकी, खडबडीत असेल तर सूर खरखरतो. आतलं बूच हलत नाही ना, हेही पाहा. ते फुंकायच्या भोकापासून साधारण पोकळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर असतं. सरकलं की मधलं आणि तार (वरचं) सप्तक एकमेकांशी भांडायला लागतात.

लपलेली भेग शोधायचा एक उपाय: सहाही भोकं बोटांनी आणि खालचं टोक कुणाच्या तरी तळव्याने बंद करा, फुंकायच्या भोकावर ओठ पूर्ण टेकवून हळू हवा सोडा. सगळं बंद असूनही हवा आत जातच राहिली, तर ती कुठूनतरी बाहेर पडतेय.

८. मग कानांनी

बरोबरच्या माणसाला आधी दोन-तीन मिनिटं नुसतीच बासरी फुंकू द्या. थंड बासरी उतरलेली वाजते, आत श्वासाची ऊब भरली की चढते. थंडीतल्या सकाळी थेट ट्यूनर लावलात तर चांगल्या बासरीवर अन्याय होईल.

आता आतली गोष्ट. विक्रेत्याने वाजवून दाखवलं आणि ट्यूनरचा काटा मध्यावर राहिला, म्हणून विश्वास ठेवू नका. मुरलेला वादक ओठांच्या किंचित हालचालीने आणि फुंकीच्या जोराने सूर सहज वर-खाली करतो. नजर काट्यावर असली की तो नकळत दुरुस्ती करत जातो. म्हणून फोन तुमच्या हातात ठेवा, त्याच्याकडे पाठ करून. एकाच दमात, फुंकीचा जोर न बदलता, सा पासून एकेक बोट उचलत रे, ग वाजवायला सांगा. मग मंद्र प, ध, नि. प्रत्येक सूर दहा सेंटपेक्षा जास्त चढा किंवा उतरलेला नसेल तर उत्तम. (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट.)

त्यानंतर सप्तकाची परीक्षा. सहाही भोकं बंद ठेवून हळू फुंकलं की मंद्र प, त्याच बोटांवर जोराने फुंकलं की मध्य प. तसंच तीन बोटांवर सा आणि तार सा. खालचा सूर बरोबर आणि वरचा ठळकपणे उतरलेला, असं असेल तर ती बासरी सोडा. हा दोष रियाजाने जात नाही.

एखादाच सूर किंचित उतरलेला असेल तर कारागीर ते भोक जरा घासून चढवू शकतो. चढलेला सूर उतरवणं मात्र अवघड, त्यासाठी भोक भरावं लागतं. ‘वापरून वापरून जागेवर येईल’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

शेवटी तानपुरा लावा, ट्यूनर बंद करा, आणि मंद्र पंचम हलक्या फुंकीत सहज निघतो का ते ऐका. थोडी हवेची सळसळ बांबूत असणारच.

९. ऑनलाइनच घ्यायची असेल तर

गावात दुकान नसेल तर दुसरा मार्ग नाही. जी बासरी पाठवणार तिचाच व्हिडिओ मागा, नमुन्याचा नको. त्यात वरच्या सगळ्या चाचण्या करायला सांगा. खरा कारागीर कंटाळत नाही. पट्टी लिहून पाठवा, अशी: ‘तीन भोकं बंद असताना सा पांढरी पाच, म्हणजे जी.’ बेसूर निघाली तर परत घेणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. पार्सल पीव्हीसीच्या जाड नळीत बंद करून पाठवायला सांगा. पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेली माझी तिसरी बासरी टोकाशी तडकलेली होती.

१०. घरी आणल्यावर

नव्या बांबूवर पहिले पंधरा दिवस एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका, असा आमच्या सरांचा नियम. वाजवून झालं की काडीला मऊ फडकं गुंडाळून आतला ओलावा टिपा. पावसाळ्यात हे चुकवलं तर आत बुरशी धरते. अधूनमधून आतून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचं बोट फिरवा, नुसतं पुसट. बंद गाडीत, उन्हाच्या खिडकीत, एसीच्या झोताखाली बासरी ठेवू नका.

आणि हो, पहिले काही दिवस आवाजच येणार नाही. नुसती फू-फू. खालचा ओठ फुंकायच्या भोकावर साधारण पाव ते एक तृतीयांश येऊ द्या आणि फुंक समोरच्या कडेवर पडू द्या, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतो तशी. बोटं लावूच नका, आरशासमोर उभे राहा. चक्कर आली तर थांबा. जोर जास्त लागतोय. आठवडा गेला तरी सूर फुटला नाही, तर बासरी सरांकडे नेऊन त्यांना फुंकायला सांगा. त्यांच्या ओठाला ती वाजली, तर बदलून मागायला दुकानात जाऊ नका. मी गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने ती उचलून एका फुंकीत भूप राग वाजवला आणि न बोलता परत माझ्या हातात दिली.